नांदूर मधमेश्वरचा लाल पायांचा पक्षी: साधा रेडशँक की स्पॉटेड?

गोदाकाठ (प्रश्न)
गेल्या रविवारी सकाळी नांदूर मधमेश्वर अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावरून शेकाट्यांचा थवा पाहत असताना त्यांच्यात एक राखाडी, लालसर पायांचा पक्षी आढळला. कालव्यांना आवर्तन सुटल्यामुळे पाणी उतरले होते आणि बाकीचे तुतवार काठच्या चिखलात चरत होते. हा मात्र पोटापर्यंत पाण्यात उभा राहून मान बुडवत होता आणि दोन-तीनदा तर बदकासारखा पोहत, शेपूट वर करून खाली चोच घालत होता. सोबतच्या मार्गदर्शकांनी तो साधा रेडशँक (लाल पायांचा, तुतवारांच्या गटातला पक्षी) असल्याचे सांगितले, पण त्याचे पोहणे पाहून मला शंका आली. अंतर सुमारे ८० मीटर होते आणि छायाचित्रे धूसर आहेत. हा त्याचाच भाऊबंद स्पॉटेड (ठिपकेवाला) रेडशँक असू शकेल का?

टिटवी
पोहण्याची सवय स्पॉटेडकडे बोट दाखवते, परंतु साधा रेडशँकही प्रसंगी पोहतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. लाल पाय तर त्याहून फसवे, कारण रफ पक्ष्याच्या नराचे पायही नारिंगी असू शकतात. अर्थात त्याची चोच आखूड आणि पाठ खवल्यांच्या नक्षीची असल्याने तो लवकर वगळता येतो.

खरी खूण चोचीच्या मुळाशी आहे. साध्या रेडशँकच्या चोचीचा वरचा आणि खालचा, असे दोन्ही भाग मुळाशी लाल असतात. स्पॉटेडमध्ये फक्त खालचा भाग लाल असून वरचा टोकापर्यंत काळा राहतो. शिवाय त्याची चोच अधिक लांब, बारीक आणि टोकाशी किंचित झुकलेली असते, आणि चोचीपासून डोळ्यापर्यंतच्या काळ्या रेघेवर पांढरी भुवई उठून दिसते. ठिपके मात्र शोधू नका. ते उन्हाळ्यातल्या काळ्या पिसाऱ्यावर खुलतात, आणि तोवर हे पक्षी स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागापासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या आपल्या विणीच्या प्रदेशाकडे निघून गेलेले असतात. साधा रेडशँक त्या मानाने जवळचा, तो लडाखमध्येही वीण करतो.

फुगवटा
वरील खुणा अचूक आहेत, पण ८० मीटरवरून चोचीचे मूळ दिसायला स्पॉटिंग स्कोपच (तिवईवरची एकनळी दुर्बीण) हवा. माझ्या मते पक्षी उडण्याची वाट पाहणे अधिक उपयोगाचे. साध्या रेडशँकच्या पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी असते आणि ती लांबूनही लपत नाही. स्पॉटेडला ती नसते, केवळ पाठीवर एक लांबट पांढरा पट्टा दिसतो. आवाजही वेगळा आहे: साध्याची हाक 'ट्यू-हू-हू' अशी उतरती, तर स्पॉटेडची 'चु-ईट' अशी तुटक. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कोवळ्या उन्हात मी एकदा ग्रीनशँकचे हिरवट पाय तांबूस समजून वहीत रेडशँक लिहून मोकळा झालो होतो, तेव्हापासून निव्वळ पायांच्या रंगावर माझा विश्वास नाही.

गोदाकाठ
आपल्या सूचनेनुसार उडतानाचे चित्र मिळते का, हे मूळ फाइली मोठ्या करून पाहिले. मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आल्यावर थवा उठला होता, त्या क्षणाच्या एका चित्रात हा पक्षी पंख पसरलेल्या स्थितीत सापडला आहे. पंखाची मागची कडा राखाडीच आहे, पांढरी पट्टी नाही, आणि पाठीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. चोचीचे मूळ मात्र कोणत्याच चित्रात नीट आलेले नाही. 'चु-ईट' असा आवाज ऐकल्याचे आठवते, परंतु तो याच पक्ष्याचा होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही.

टिटवी
पंखाचे चित्र आणि खाण्याची पद्धत एकत्र पाहता मी स्पॉटेड रेडशँकच म्हणेन. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचे संकेतस्थळ) नोंद करताना ते धूसर चित्र अवश्य जोडा आणि चोचीचे मूळ दिसले नाही, आवाजाची खात्री नाही, हेही लिहा. नोंद तपासणाऱ्याला त्याने मदतच होते.

गोदाकाठ
तशी नोंद केली. त्याच ओघात दोन वर्षांपूर्वीची माझी याच ठिकाणची 'स्पॉटेड रेडशँक' ही नोंद उघडून पाहिली, तर त्या छायाचित्रात चोचीचे दोन्ही भाग मुळाशी स्वच्छ लाल आहेत. ती आता साधा रेडशँक अशी दुरुस्त केली आहे.