बेंच प्रेस मारताना खांद्यात समोरून कळ येते, वजनही अडलं. काय चुकून रायलं?

पऱ्हाटीवाला

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय २४, वजन ६३ किलो. घरी सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. पोलीस भरतीची तयारी दुसऱ्यांदा करून रायलो. मागच्या खेपेला १६०० मीटर चांगलं गेलं, पण गोळाफेकीत मार्क गेले. म्हणून दिवाळीपासून बेंच प्रेस धरली, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा दांडा छातीवरून वर ढकलायचा.

गावात जिम नाही. समाजमंदिरामागच्या खोलीत आम्ही पाच पोट्ट्यांनी वर्गणी करून सामान जमवलं. बेंच अन् स्टँड वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतला. दांडा लोखंडाच्या दुकानातून आणला, २८ एमएम जाड, सहा फूट. प्लेटा यवतमाळहून आणल्या, सव्वा किलोपासून दहापर्यंत.

दांड्याचे २० धरून माझे ६० किलोवर तीन-चार रेप (लागोपाठच्या उचली) निघतात. दोन महिन्यांपासून तिथंच अडलो. पाठ सपाट राहावी म्हणून पाय उचलून बेंचवर ठेवतो. कोपर पूर्ण बाजूला उघडतो अन् दांडा गळ्याखालच्या हाडाजवळ टेकवतो, छाती वरून भरते म्हणतात म्हणून. आता उजव्या खांद्यात समोरून कळ येते. फवारणीचा पंप मारताना दांडी वर केली की तीच कळ. एक मित्र म्हणते मारत राह्य, सुटून जाईल. दुसरा म्हणते बंदच कर.

अजून एक. बाकीचे पोट्टे पहाटे वावरात जातात, त्यामुळं मी बहुतेक दिवस खोलीत एकटाच असतो.

डवरा_आणि_डंबेल

दुखते तोवर त्या पद्धतीनं मारू नको, एवढं नक्की. मलाही हेच झालं होतं. जमिनीवरचे जोर मारताना दुखत नसेल तर आठ-दहा दिवस तेवढंच चालू ठेव. बाकी मास्तर सांगतील.

तालीम_मास्तर

भाऊ, तू सगळी मापं देऊन लिहिलंस, त्यामुळं सांगणं सोपं झालं. मी शाळेत पीटीचा शिक्षक आहे. संध्याकाळी तालुक्याच्या गावी छोटी तालीम चालवतो, अठरा वर्षं झाली. असा खांदा धरून आलेली पोरं मला दरसाल भेटतात.

पहिले दांडा. २० किलोचा असतो तो स्पर्धेचा बार, सात फुटांहून थोडा लांब, प्लेटा बसतात ती टोकं ५० एमएम जाड. तुझी ती साधी सळई आहे. लोखंडाच्या दुकानात सळईचं वजन काढतात तो हिशोब लाव: एमएममधल्या जाडीचा वर्ग, भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत येते. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले १६२ म्हणजे ४.८४. सहा फूट म्हणजे १.८३ मीटर. वजन नऊ किलोच्याही किंचित आत. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा, तेवढंच भरेल. म्हणजे तू ६० नाही, ४९ मारून रायला. वाईट वाटून घेऊ नको. वजन वाढवायचं तर आधी आहे किती ते खरं माहीत पाहिजे, नाहीतर वहीतला प्रत्येक आकडा खोटा पडते.

आता खांदा. कोपर सरळ बाजूला उघडून दांडा गळ्याकडं आणला की खाली जाताना खांद्याच्या सांध्यात समोरून जागा अडते, अन् सगळा भार तिथल्या लहान स्नायूंवर येते. तुझी कळ तिथली दिसते. दांडा गळ्यावर नाही, छातीच्या खालच्या भागावर टेकवायचा, बोंडाच्या ओळीत किंवा बोटभर खाली. कोपर अंगाला चिकटवायचं नाही अन् पूर्ण उघडायचंही नाही, मधे ठेवायचं. वरून पाहिलं तर दोन्ही हात अन् धड मिळून बाणाचं टोक दिसलं पाहिजे, इंग्रजी टी दिसली नाही पाहिजे. वर जाताना दांडा सरळ उभा जात नाही. छातीच्या खालच्या भागावरून निघून खांद्याच्या वर येऊन थांबते, थोडा तिरपा. पोरांना हेच खटकते, कारण त्यांना वाटते सरळ रेषा म्हणजे शिस्त.

पण याच्याही आधीची एक गोष्ट आहे, अन् माझ्या मते बेंच प्रेस अर्धी तिथंच होते. दांडा उचलायच्या आधी पाठ बसवायची. तू फवारणी करतोस ना? सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेतला की पट्टे खांद्यावरून घसरू नयेत म्हणून माणूस काय करते? छाती काढते, खांदे मागं ओढून खाली दाबते. पाठीतली दोन्ही पाती एकमेकांकडं येतात. तेच बेंचवर पडल्या पडल्या करायचं, अन् शेवटचा रेप होऊन दांडा स्टँडवर जाईपर्यंत सोडायचं नाही. पाती अशी दाबून धरली की खांद्याला खाली पक्की बैठक मिळते अन् दांड्याला छातीपर्यंतचं अंतरही कमी पडते. बहुतेक पोरांची पाती दांडा काढतानाच सुटतात, कारण ते स्टँडपासून फार खाली सरकून झोपतात अन् हात लांबवून दांडा ओढतात. डोळे दांड्याच्या बरोबर खाली येतील असं झोप.

पाय जमिनीवर. सपाट पाठीचा आग्रह सोड. टाचा जमिनीत दाबायच्या, जसं बेंचवरून डोक्याकडं सरकायचं आहे. ढुंगण मात्र उचलायचं नाही. पाय वर घेतले की खालचा आधारच जाते, अन् भरल्या दांड्याखाली अंग डोललं तर सावरायला काही राहत नाही.

मनगट पाहून घे. दांडा बोटांकडं नाही, तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या हाडाच्या रेषेत. दांडा छातीवर असताना मनगट ते कोपर हात उभा, खुंटीसारखा. तसा येत नसेल तर पकड रुंद-अरुंद करून पाहा. वर असताना श्वास भर, पोट घट्ट कर, सावकाश खाली आण, छातीवर क्षणभर थांब. आपटून उसळी घ्यायची नाही. अर्धा वर गेला की श्वास सोड.

अन् अंगठा. हे सगळ्यात जपून वाच. २००७ सालची गोष्ट आहे. मी एकटा मारत होतो, दुपारची वेळ. अंगठा दांड्याखालून न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायची तेव्हा मला सवय होती, मनगटाला बरं वाटते म्हणून. हाताला घाम होता. ७५ किलो हातातून निसटलं अन् सरळ छातीवर आलं. प्लेटांना क्लिपा घट्ट लावलेल्या, त्यामुळं दांडा कलवून एका बाजूच्या प्लेटा पाडता येईनात. ओरडायला छातीत हवा नव्हती. शेजारची पिठाची गिरणी चालू होती. ती बंद झाली तेव्हा गिरणीवाल्याला माझा कण्हण्याचा आवाज गेला अन् तो धावला. डावीकडच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. गळ्यावर आलं असतं तर आज हे लिहायला नसतो. तू तर दांडा गळ्याकडंच आणून रायला, अन् एकटा.

म्हणून अंगठा गुंडाळूनच. एकटा असशील तर क्लिप लावू नको. अडकलास तर दांडा एका बाजूला कलव, प्लेटा घसरून पडतील. पाय फुटू नये म्हणून बाजूला कोणी लेकरू बसलेलं नको. वजन हलकं असेल तर दांडा पोटावरून लोळवत मांडीपर्यंत नेऊन उठून बसता येते. त्याहून चांगलं म्हणजे त्याच वेल्डिंगवाल्याकडून दोन लोखंडी घोडे बनवून घे, बेंचच्या दोन्ही बाजूंना ठेवायला, प्लेटांच्या आतल्या अंगानं. उंची अशी की छाती फुगवलेली असताना दांडा छातीला लागेल, पण छाती सोडून सपाट झालास की दांडा घोड्यांवर टेकेल. माप तू स्वतः बेंचवर पडून, मित्राच्या हातात टेप देऊन घे. अंदाजानं करू नको.

सुरुवात २९ किलोवर कर, म्हणजे दोन्हीकडं दहा-दहा. आठ रेपचा एक सेट, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. पद्धत बिघडली नाही तरच आठवड्याला अडीच किलो वाढव, एका बाजूला सव्वा. अन् जेवढं ढकलतोस तेवढं ओढ. कमरेतून वाकून दांडा पोटाकडं ओढायचा, तेवढेच सेट. रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, हात डोक्यावर जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर माझं ऐकत बसू नको, हाडांच्या डॉक्टरला दाखव.

वरूडकर_ताई

मी दोन वर्षांपूर्वी भरती झाले. आम्हा मुलींना गोळा ४ किलोचा, तुम्हाला ७.२६० किलोचा. दादा, बेंचनं माझा फरक पडला, पण थोडा. माझा गोळा खरा वाढला तो पायांमुळं. मागचा पाय जमिनीला रेटून कंबर वळवली की हात शेवटी येतो. नुसती छाती वाढवून गोळा जात नाही. बैठका अन् उड्या सोडू नका.

मास्तर, एक विचारते. पाती मागं ओढून टाचा दाबल्या की पाठीला कमान येते. त्यानं मणक्याला त्रास होत नाही का? आमच्या इथं एक सर कमान दिसली की ओरडायचे.

तालीम_मास्तर

ताई, गोळ्याचं अगदी खरं सांगितलं. मीही पोरांना आधी बैठका देतो.

कमानीचं असं आहे. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून दांडा उचलताना, भार कण्यातून खाली जाते. बेंचवर भार हातातून खांद्यात अन् खांद्यातून बेंचमध्ये जाते, कंबरेवर तो बसत नाही. त्यामुळं छाती वर काढल्यानं येणारी साधी कमान चालते. फक्त ती पाठीच्या वरच्या भागातून आली पाहिजे. कंबर चेपून, दुखत असताना आणलेली नको. स्पर्धेच्या नियमातही डोकं, खांदे अन् ढुंगण बेंचला टेकलेले अन् पाऊल जमिनीवर सपाट, असंच आहे. कमानीला बंदी नाही. मात्र काही खेळाडू एवढी कमान करत की दांडा वीतभरच हलायचा, म्हणून आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघानं २०२३ पासून कोपर खांद्याच्या पातळीपर्यंत खाली आलंच पाहिजे असा नियम केला.

स्पर्धेत पाय वर घेऊन मारणारे एकच, दिव्यांग खेळाडू, अन् त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टिंग म्हणजे फक्त बेंच प्रेस. पाय बेंचवरच, हवं तर पट्ट्यानं बांधून. पण त्यांचा बेंच लांब-रुंद असते, आपल्यासारखी अरुंद फळी नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सुधीरनं यात सुवर्ण आणलं. त्याची उचल मी पोरांना मोबाईलवर दाखवतो, दांडा छातीवर कसा शांत थांबते ते पाहायला.

पऱ्हाटीवाला, एक विचारायचं राहिलं. तुझ्या बेंचची उंची किती? पाय जमिनीवर पूर्ण टेकतात का?

पऱ्हाटीवाला

मास्तर, दांडा काट्यावर ठेवला. ८ किलो ९०० ग्रॅम भरला. सगळे पोट्टे पाहत राहिले.

बेंच मोजला, ५४ सेंटीमीटर. वेल्डिंगवाल्यानं टेबलाच्या अंदाजानं केला होता. झोपलो की पायाचा चवडा तेवढा टेकते, टाच नाही. म्हणूनच मी पाय वर घेत होतो बहुतेक.

तालीम_मास्तर

तेच वाटलं होतं. स्पर्धेचा बेंच ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच अन् २९ ते ३२ सेंटीमीटर रुंद असते. चारही पाय खालून दहा सेंटीमीटर काप. स्टँडही तेवढाच कमी करावा लागेल, नाहीतर दांडा हाताला उंच पडेल अन् काढतानाच पाती सुटतील. तोवर टाचेखाली लाकडी फळी घे. विटा नको, भाराखाली फुटतात अन् सरकतात.

पऱ्हाटीवाला

महिना झाला, सांगाले आलो.

बेंच अन् स्टँड कापून घेतले, घोडेही झाले. वेल्डिंगवाल्यानं घोड्यांची मजुरी घेतली नाही, त्याचा पोरगाही आता आमच्यासोबत येते. २९ पासून धरलं, या आठवड्यात ३६.५ वर आठचे तीन सेट पूर्ण निघाले. पहिल्या आठवड्यात लय हलकं वाटलं अन् वजन टाकायचा मोह झाला, पण टाकलं नाही. पंपाची खूण एवढी कामी आली की आता बेंचवर पडलो की पाती आपोआप मागं जातात. परवा हरभऱ्यावर आठ पंप मारले, खांद्यात कळ नाही. छातीवर थांबताना मात्र डावं मनगट मागं वाकल्यासारखं वाटते. पुढच्या आठवड्यात ३९ टाकू का?

तालीम_मास्तर

टाक. पण दुसऱ्या सेटचा व्हिडिओ काढून पाठव. मोबाईल बेंचच्या उंचीवर, डाव्या बाजूनं ठेव, पायाकडून नको. दांडा छातीवर असतानाचं मनगट मला नीट दिसलं पाहिजे.