पंधरा वर्षांची सॅन्ट्रो ठेवावी की एसयूव्ही घ्यावी?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर)
बाबांनी 2010 च्या दिवाळीत घेतलेली आमची पेट्रोल सॅन्ट्रो त्यांच्यानंतर माझ्या नावावर झाली. गाडी चालवायला मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले, त्यामुळे तिच्यात माझा जीव अडकलेला आहे. इंजिन आजही निरोगी आहे. मात्र आईचे गुडघे दुखतात आणि त्या खालच्या सीटवरून उठताना तिला दरवाजाला लोंबकळावे लागते. शिवाय समृद्धी महामार्ग झाल्यापासून छत्रपती संभाजीनगरला सासरी वारंवार जाणे होते, आणि मे महिन्यात चार माणसे व सामान घेऊन जाताना एसी पुरत नाही. नोंदणीची पंधरा वर्षे येत्या महिन्यात पूर्ण होत आहेत. चार मीटर लांबीच्या आतली एसयूव्ही घ्यावी की मोठी? आणि सॅन्ट्रोचे काय करावे?

प्रतिसाद 1 (प्रतापनगर)
ताई, गाडी आईंना बसवून पाहिल्याशिवाय ठरवू नका. एसयूव्ही जितकी उंच तितकी सोयीची, हा समज चुकीचा आहे. सीट साधारण कमरेच्या पातळीला असेल तर माणूस वळून सहज बसतो, पण त्याहून उंच असेल तर दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन चढावे लागते. माझ्या आईच्या बाबतीत हे आमच्या उशिरा लक्षात आले आणि शेवटी दाराखाली पायरी बसवून घ्यावी लागली. चाचणी भर दुपारी घ्या, स्वतः मागे बसा आणि मागच्या सीटला एसीचे झरोके आहेत की नाहीत ते पाहा. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात काचेच्या छतापेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो.

प्रतिसाद 2 (महाल)
22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, तर मोठ्या एसयूव्हींवर 40 टक्के. चार माणसांच्या कुटुंबाने एवढा फरक सोसण्याचे कारण मला दिसत नाही. महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून रोज गाडी काढणाऱ्याला लांबीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रतिसाद 3 (धरमपेठ)
पंधरा वर्षे झाली म्हणून गाडी भंगारात काढण्याची सक्ती नाही. आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. मात्र ही गाडी 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक दिसली तरी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होते, आणि तशा टायरवर समृद्धीचा वेग धरणे जिवावर बेतू शकते. सॅन्ट्रो विकलीत तर विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, सोडू नका. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन नव्या गाडीच्या विम्यात तो वळवता येतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आताच टायर पाहिले, चारही 2017 चे निघाले, तेव्हा सॅन्ट्रोने समृद्धीवर जाणे आजपासून बंद. रविवारी दुपारी आईला घेऊन चार मीटरच्या आतल्या दोन गाड्या पाहायला जाते. नोंदणी वाढवण्याचा खर्च आवाक्यातला निघाला तर सॅन्ट्रो घरीच राहील, भाजी बाजारापुरती.