लुनेनबर्गचं जळालेलं चर्च: वारसा की नक्कल?

खारावारा: कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधलं लुनेनबर्ग पाहून आलो. इंग्रजांनी १७५३ मध्ये जर्मन, स्विस आणि आजच्या फ्रान्समधल्या माँबेल्यारकडचे प्रोटेस्टंट आणून वसवलेलं गाव. चढ कितीही उभा असो, रस्ता वळायला तयार नाही! रंगीत लाकडी घरं, दारावर पुढे आलेला खिडक्यांचा फुगवटा, ज्याला तिथे 'लुनेनबर्ग बंप' म्हणतात. १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. पण तिथलं सेंट जॉन्स चर्च २००१ च्या हॅलोविनच्या रात्री पेटलं आणि २००५ मध्ये पुन्हा उघडलं. सुंदर आहे, पण नक्कल आहे. जुनं म्हणून कशाला मिरवायचं?

रंधा: जुनं म्हणजे नेमकं कधीचं? मुळात ते साधं प्रार्थनाघर होतं, टोकदार कमानींचा गॉथिक साज एकोणिसाव्या शतकात चढला. तेव्हा कोणी नक्कल म्हटलं नाही. शिवाय आगीतून वाचलेलं लाकूडही वापरलंय. समुद्राकाठच्या लाकडी घराच्या फळ्या बदलाव्याच लागतात हो. फळ्या मोजत बसलात तर अख्खं गाव यादीतून काढावं लागेल.

खारावारा: दुरुस्ती वेगळी, राखेतून उभारणी वेगळी. त्याच गावातलं जहाज घ्या. १९२१ ची 'ब्लूनोज', कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे ती. १९४६ मध्ये हैतीजवळ बुडाली. १९६३ मध्ये तशीच दुसरी बांधली, तर सरळ 'ब्लूनोज दोन' म्हणाले. हा प्रामाणिकपणा चर्चला का नाही?

मीठभाकर: तुमचा वारसा १७५३ लाच सुरू होतो का? त्याआधी तिथे मिकमाक हे मूळ रहिवासी होते, अकेडियन म्हणजे आधी आलेले फ्रेंच वसाहतीही. त्यांचं एक घर दाखवा त्या यादीत. चर्च खरं की खोटं, हा नंतरचा प्रश्न.

रंधा: मीठभाकर, मुद्दा बिनतोड, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. खारावारा, जहाज बुडालं तेव्हा सगळंच गेलं, चर्चची जागा आणि माणसं तीच राहिली. आणि छतावरचे सोनेरी तारे पाहिलेत का? ते पुन्हा रंगवताना खगोलतज्ज्ञाला विचारलं, तर ती रचना पहिल्या, म्हणजे येशूच्या जन्मावेळच्या नाताळच्या संध्याकाळच्या आकाशाशी जुळली. जुनं छत शाबूत असतं तर कोणी विचारायलाच गेलं नसतं.

खारावारा: ताऱ्यांचं माहीत नव्हतं. मी वर पाहिलंच नाही, लक्ष सगळं खांबांचं लाकूड नवं की जुनं याकडे. पुन्हा जाईन तेव्हा बघतो. तोवर माझ्यापुरतं ते 'सेंट जॉन्स दोन'.