ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्या जाण्याचे दुःख खरे असते का?

सायंतारा (धागाकर्ती):

6 फेब्रुवारी 2022, रविवार. वसंत पंचमी आदल्याच दिवशी होऊन गेली होती. लता मंगेशकर गेल्याची बातमी सकाळी आली, तेव्हा माझी आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि बराच वेळ ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. लतादीदींना ती कधी भेटली नव्हती आणि समोर बसून त्यांचे गाणे ऐकण्याचा योगही तिला कधी आला नव्हता. तरीही आजोबा गेले तेव्हाचा तिचा चेहरा मला त्या दिवशी पुन्हा दिसला.

या दुःखाविषयी मला मनापासून चर्चा करायची आहे, कारण त्यात एक पेच आहे आणि तो सहज सुटत नाही. लतादीदी 92 वर्षांच्या होत्या. 8 जानेवारीपासून त्या रुग्णालयात होत्या, म्हणजे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. चित्रपटांसाठी त्यांचे गाणे जवळजवळ थांबूनही बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे नवे काही ऐकायला मिळणार नाही, हे तर आईला आधीच ठाऊक होते. जे गायले गेले होते ते सगळे जिथल्या तिथे होते. त्याच दुपारी ते प्रत्येक वाहिनीवर लागत होते. मग आईचे नेमके काय गेले?

माझ्या मते त्या दिवशी गेली ती ‘दीदी आहेत’ ही जाणीव. पेडर रोडवरच्या ‘प्रभुकुंज’मध्ये त्या राहतात, वय झाले आहे, फारशा बाहेर पडत नाहीत, पण आहेत, एवढे माहीत असणे हा आईच्या जगाचा एक भाग होता. ज्या आवाजाने तिचे लहानपण, तिचे लग्न आणि तिची बाळंतपणे पाहिली, तो आवाज ज्यांचा होता त्या आपल्याच काळात श्वास घेत आहेत, याचा तिला आधार वाटत असे. तो आधार गेला, आणि ध्वनिमुद्रण कितीही उत्तम असले तरी त्याची जागा भरून काढू शकत नाही.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच मांडले होते की, दूरचित्रवाणीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतो आहे असे प्रेक्षकाला वाटू लागते आणि त्यातून एकतर्फी, तरीही ओळखीसारखीच ओळख तयार होते. त्यांचे म्हणणे मला पटते, पण आपल्याकडे ही गोष्ट आणखी पुढे गेलेली आहे असे वाटते, कारण आपण अशा माणसांना नातीच देऊन टाकतो. लताबाई सगळ्यांच्या दीदी झाल्या, पु. ल. देशपांडे सगळ्यांचे भाई झाले. जिला आयुष्यभर दीदी म्हटले, ती गेल्यावर ‘ती आपली कोण लागत होती?’ हा प्रश्न आईला कसा विचारावा?

आणखी एक. आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर काय करायचे हे समाजाने ठरवून ठेवले आहे. सुतक असते, दहावा-तेरावा असतो, लोक भेटायला येतात, शेजारची काकू पिठलं-भात आणून देते. या दुःखाला यातले काहीही नाही. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारने सार्वजनिक सुट्टी दिली, देशात दोन दिवसांचा दुखवटा पाळला गेला, पण आमच्या दाराशी ‘आईला भेटायला’ म्हणून कोणीही आले नाही, आणि येईल अशी अपेक्षाही नव्हती.

कातळ:

मूळ लेख प्रामाणिकपणे लिहिला आहे आणि तुमच्या मातोश्रींच्या भावनेविषयी मला आदर आहे. तरीही मला विरोधी मत मांडले पाहिजे, आणि ते केवळ वादासाठी नव्हे.

तुम्ही सुतकाचा आणि पिठलं-भाताचा उल्लेख केलात, पण त्यातली मुख्य गोष्ट वगळलीत. मृत्यूभोवतीच्या आपल्या सगळ्या रीती कर्तव्याच्या आहेत. तिरडी बांधावी लागते, खांदा द्यावा लागतो, रात्रभर जागावे लागते, दाखल्यासाठी नगरपालिकेत खेपा घालाव्या लागतात, गेलेल्याच्या बायकोला बँकेची कागदपत्रे समजावून द्यावी लागतात. दुःखाला वजन येते ते या कामांमुळे, असे मी मानतो. प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूचे दुःख आपल्याकडून काहीच मागत नाही. छायाचित्र लावले, चार ओळी लिहिल्या, संध्याकाळपर्यंत गाणी ऐकली, की ते संपले.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतले पाचव्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा परदेशातून वेळेवर पोहोचू शकला नाही. लतादीदींसाठी हळहळणारे शंभरएक संदेश आमच्या इमारतीच्या गटावर आले होते, आणि या गृहस्थांना न्यायला आम्ही मोजून पाच जण होतो. त्यातला एक रखवालदार होता. हे मी कोणाला लाजवण्यासाठी सांगत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, जे दुःख इतके सहज करता येते, त्याने कठीण दुःखाची जागा घेतली आहे की काय?

चैत्रपालवी:

कातळ यांच्याशी असहमत. त्या गृहस्थांकडे पाचच जण गेले याला इतर शंभर जणांचा शेजारधर्म कमी पडला हे कारण आहे. लतादीदी त्या आठवड्यात गेल्या नसत्या तर सहावा माणूस आला असता का?

पाणंद:

मी गेली वीस-बावीस वर्षे बेंगळुरूमध्ये राहतो, म्हणून इथली दोन उदाहरणे मांडतो. ती एकाच घरातली आहेत, आणि त्यामुळेच मला महत्त्वाची वाटतात.

12 एप्रिल 2006 रोजी कन्नड अभिनेते राजकुमार वारले. त्यांना इथे ‘अण्णावरू’ म्हणत. नाते देण्याची रीत फक्त मराठी नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी या शहरात जे झाले ते मी पाहिले आहे. बसगाड्या जळल्या, दुकानांच्या काचा फुटल्या, पोलिसांना गोळीबार करावा लागला आणि माणसे मेली. जमावाच्या हातून एका पोलिसाचाही जीव गेला. आम्ही कार्यालयाचे शटर आतून ओढून रात्र काढली. अंत्यदर्शनाला आलेल्या गर्दीला कोठे जायचे, कोठे थांबायचे हे कळत नव्हते, आणि दुःखाचा संताप होण्यास फार वेळ लागला नाही. तमिळनाडूत 1987 मध्ये एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा तर काही चाहत्यांनी आपला जीवच दिला. तेव्हा हे दुःख काही मागत नाही, हे कातळ यांचे म्हणणे मला मान्य नाही. ते कधी कधी भयंकर काही मागते.

29 ऑक्टोबर 2021 रोजी राजकुमारांचे धाकटे चिरंजीव पुनीत गेले, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी, हृदयविकाराने. लोक त्यांना लाडाने ‘अप्पू’ म्हणत. 2006 ची आठवण असल्यामुळे आम्ही सगळे धास्तावलो होतो. सरकारने मद्यविक्री बंद केली, कंठीरवा स्टेडियममध्ये पार्थिव ठेवले आणि लोकांना रांगेने दर्शन घेऊ दिले. ती रांग दिवसरात्र चालली. माझ्या कार्यालयातला एक शांत स्वभावाचा मुलगा तिच्यात तासन्‌तास उभा राहिला. पुनीत यांचे नेत्रदान झाले होते, तसेच त्यांच्या वडिलांचेही झाले होते. त्यानंतरच्या आठवड्यांत इथे नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागली. त्या मुलानेही अर्ज भरला आणि आईवडिलांकडूनही भरून घेतला.

शहर तेच, घराणे तेच, प्रेमही त्याच जातीचे. फरक पडला तो दुःखाला जायला वाट मिळाली की नाही, यामुळे, असे माझे निरीक्षण आहे.

कातळ:

पाणंद, तुमच्या प्रतिसादाने मला विचार करायला लावले आणि ‘काहीच मागत नाही’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. पण तुमच्या पहिल्या उदाहरणाने माझी शंका दूर न होता वाढली आहे. ज्या दुःखात एखाद्या निरपराध पोलिसाचा जीव जाऊ शकतो, त्याला गेलेल्या माणसाविषयीचे प्रेम कसे म्हणायचे? 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूत या तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतरही असेच झाले. सुरुवातीची हळहळ खरी होती, यात मला शंका नाही. पुढे कित्येक महिने वाहिन्यांवर आणि घराघरांत आरोपी शोधण्याचे जे काम चालले, त्यात तो मुलगा कोठेच राहिला नव्हता.

उजेडवाट:

या चर्चेत एक भेद केला जावा अशी माझी विनंती आहे. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंचा जनसमुदाय लोटला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी बाबासाहेबांना जवळून कधीही पाहिलेले नव्हते. माझे आजोबा त्यात होते. उसने पैसे घेऊन ते रेल्वेने आले होते. तिथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आजोबांनीही घेतली. त्या दुःखाने आमच्या घराचा धर्म बदलला, देव्हारा बदलला, मुलांच्या शिक्षणाचा निर्णय बदलला. आजही दर वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येतात आणि पुस्तकांच्या पिशव्या भरून परत जातात.

म्हणून ‘न भेटलेल्या व्यक्तीचे दुःख’ या एकाच नावाखाली हे आणि चित्रतारकांचे दुःख एकत्र ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्यामुळे आपण माणसात आलो, त्यांच्याशी न भेटताही नाते असते, कारण ऋण असते. करमणुकीचे ऋण त्या जातीचे नसते.

सायंतारा:

उजेडवाट, हा भेद मी मान्य करते आणि तुमच्या आजोबांच्या प्रवासाशी आईच्या त्या रविवारची तुलना करण्याचा माझा हेतू नव्हता. मात्र ‘करमणूक’ या शब्दाशी मी थोडी अडखळते. 13 डिसेंबर 1986 रोजी स्मिता पाटील गेल्या. वय 31, आणि बाळ जेमतेम पंधरा दिवसांचे. चित्रपटांआधी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. त्यांच्यासारखी सावळी, साध्या साडीतली मुलगी पडद्यावर नजर न झुकवता उभी राहते, हे पाहून माझ्या मावशीच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी स्वतःच्या रंगाबद्दल ऐकून घेणे थांबवले. त्यांच्या मृत्यूत या बायकांना आणखी एक गोष्ट दिसली. बाळंतपणात बाई जाते हे त्यांनी आपापल्या घरांत पाहिलेले होते, आणि इतके नाव मिळवलेली बाईसुद्धा त्यातून सुटली नाही, हे त्यांना सहन झाले नाही. मावशी आजही तो दिवस तपशिलाने सांगते. तुमच्या अर्थाने हे ऋण नसेलही, पण त्याला केवळ करमणूक म्हणताना माझा हात थांबतो.

रानजाई:

मी सहसा लिहीत नाही. कातळ यांनी ‘सहज करता येणारे दुःख’ असे म्हटले, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. रुग्णालयाच्या दारातून ते आत गेले तेव्हाचे पाहणे शेवटचे. नंतर फोन आला. चेहरा पाहू दिला नाही. बंद आवरणात त्यांना परस्पर स्मशानभूमीत नेले आणि माझा भाऊ दुरून, प्रवेशद्वारापाशी उभा राहिला. आई आणि मी घरात विलगीकरणात होतो. त्यांच्या मातीला कोणी आले नाही, कोणी येऊही शकत नव्हते. दहावा एका गुरुजींनी मोबाइलवर सांगितला. त्या सगळ्या काळात मला रडू आले नाही. औषधांचे डबे भरायचे होते, आईचा ऑक्सिजन दर दोन तासांनी मोजायचा होता.

6 फेब्रुवारीला दुपारी मी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. दीदींनाही जानेवारीत कोविड झाला होता. ‘प्रभुकुंज’पासून शिवाजी पार्कपर्यंत फुलांनी सजवलेली लष्कराची गाडी हळूहळू जात होती आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती. नुसती उभी होती, मुखपट्टी लावून. चेहरा दिसत होता. हृदयनाथजींनी अग्नी दिला. मी तेव्हा जी रडू लागले ती रात्रीपर्यंत. दादांना यातले काहीही मिळाले नव्हते. माणसे उभी राहणे, चेहरा दिसणे, सावकाश नेणे, यातले काहीही नाही.

ते दुःख दीदींचे होते की वडिलांचे, हे मला वेगळे करून सांगता येत नाही. दादांना दीदींची अभंगांची ध्वनिफीत आवडत असे आणि रविवारी सकाळी ती आमच्याकडे लागत असे, हेही त्यात असावे.

पाणंद:

रानजाई, तुमच्या लिहिण्यानंतर मला ती रांग पुन्हा आठवली. ऑक्टोबर 2021 मध्ये इथेही घराघरांत दुसऱ्या लाटेतले मृत्यू होऊन गेले होते. तो मुलगा रांगेत कोणासाठी उभा होता, हे मी त्याला कधी विचारले नाही.

कातळ:

रानजाई, मी ‘सहज’ हा शब्द वापरला त्याबद्दल क्षमा मागतो. तुमच्या बाबतीत तो चुकीचा होता आणि कदाचित इतर अनेकांच्या बाबतीतही असेल. संदेश पाठवणाऱ्या त्या शंभर जणांच्या मनात काय होते, हे मला ठाऊक नाही.

माझे मूळ मत मात्र अजून तसेच आहे. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांना चार माणसे अधिक मिळायला हवी होती, आणि दुःखाच्या खरेपणाने ती उणीव भरून निघत नाही. तुम्हाला चालणार असेल तरच एक विचारतो. वडिलांचे वर्षश्राद्ध तुम्ही सगळ्यांना बोलावून करू शकलात का?

रानजाई:

हो. एप्रिल 2022 मध्ये निर्बंध उठले होते. सगळे नातेवाईक आले, दादांच्या कार्यालयातले जुने सहकारी आले, शेजारीही आले. चाळीस पाने झाली. दादांना आवडायची म्हणून आईने स्वतः खीर केली. मी दिवसभर वाढत होते. त्या दिवशी मला रडू आले नाही.