बालकर्करोग जागृतीच्या सत्रात तासाभरात काय सांगावं?

केंद्रशाळा_गुरुजी
सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. पालक, अंगणवाडीताई आणि आशाताईंसाठी तासाभराचं सत्र ठेवतोय. सोनेरी फिती वाटायचं ठरलंय, शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या कॅन्सर वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टरांचा हारतुरे देऊन सत्कार. भाषणात नेमकं काय असावं?

बालरोग_ओपीडी
गुरुजी, 'कॅन्सर कसा टाळावा' हे भाषण आधी वगळा. मुलांच्या बहुतेक कॅन्सरांत तंबाखू किंवा खाण्यापिण्याचा दोष नसतो, आणि आयांना उगाच अपराधी वाटतं. हातात आहे ते वेळेत ओळखणं.

सांगायच्या खुणा: दोन आठवडे न हटणारा ताप आणि सोबत फिकेपणा, न आपटता उठणारे निळे डाग, रात्री झोपेतून उठवणारी हाडदुखी, लंगडणं, मानेतली न दुखणारी, वाढत जाणारी गाठ, सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं. आंघोळ घालताना पोटात गोळा लागला तर तो पुन्हापुन्हा दाबून बघू नये. आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बुबुळात लालऐवजी पांढरी चमक दिसली किंवा डोळा नव्याने तिरळा झाला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) शंका असेल तर सीबीसीसोबत (रक्तपेशींच्या मोजणीसोबत) 'स्मिअर बघा', म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, असं चिठ्ठीवर लिहून घ्यावं. नुसतं मशीन कधीकधी ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व) पेशी लिम्फोसाइटमध्येच (नेहमीच्या पांढऱ्या पेशींत) मोजून टाकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निदानाआधी दिलेलं स्टेरॉइड. सांधेदुखी किंवा गाठींवर प्रेडनिसोलोन सुरू झालं की ल्युकेमियाच्या पेशी भराभर मरतात, मूल चार दिवस खेळतं, घरचे खूश. पुढे बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) तपासणीत चित्र अर्धवट दिसतं, जोखमीचा गट ठरवता येत नाही, आणि आजार उलटतो तो जास्त चिवट होऊन.

डेकेअर_सिस्टर
आशाताईंसाठी वेगळी दहा मिनिटं ठेवा. केमो (कॅन्सरची औषधं) चालू असलेली मुलं मधल्या दिवसांत गावातच असतात. ताप एकदा जरी 101 फॅरनहाइट झाला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घोटाळा इथे होतो: आधी पॅरासिटामॉल दिलं जातं, ताप उतरतो, 'बरं वाटतंय' म्हणून रात्र काढली जाते. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली असले की जखम लाल होत नाही, पू धरत नाही. ताप हीच काय ती खूण उरते. ताप काखेत मोजावा, गुदद्वारात कधीच नाही. कमरेत इंजेक्शनही नको, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर आत रक्त साकळतं. फाइल सोबत घ्यावी, शेवटच्या केमोची तारीख वरच लिहिलेली. तोंडावाटे पोलिओ डोस त्या मुलाला नको, घरातल्या भावंडांनाही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

अजून एक. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतो. महिन्याभरात मूल ठणठणीत दिसतं, गाल गुबगुबीत होतात (तेही स्टेरॉइडनेच), आणि काही घरं तिथेच थांबतात.

केंद्रशाळा_गुरुजी
सिस्टर, सदाफुलीच्या पानांचा काढा देतात, त्याचं काय सांगू?

डेकेअर_सिस्टर
व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच येतं, हे खरं. पण त्याचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर मिलिग्रॅममध्ये काढतात, एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि ते फक्त शिरेतून. काढ्यात किती उतरलं, कोण मोजणार? उकळून पाजू नका, एवढंच ठाम सांगा.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
सत्काराबद्दल. वॉर्डात फुलं आत घेत नाहीत, बुरशीची भीती असते. त्यापेक्षा एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट) दात्यांची यादी करून द्या, सिस्टरांची रात्रीची धावपळ त्याने वाचेल. प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर सतत हलवत ठेवूनही जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे एकाच दिवशी शंभर दात्यांचं शिबिर या मुलांना फारसं उपयोगी नाही. आठवड्याला दोन-तीन, आळीपाळीने, हवेत. वजन 50 किलोच्या वर, हाताची शीर ठळक, मागचे 3 दिवस अॅस्पिरिन नाही. दीड-दोन तास लागतात.

व्यासपीठावर एखादं नाव घ्यायचंच असेल तर आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं घ्या. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध त्यांच्या प्रयोगशाळेतून आलं आणि ल्युकेमियाच्या मुलांना ते आजही देतात.

यादीत रक्तगट आणि फोनसोबत 'रात्री येऊ शकतो का' असा एक रकाना ठेवा.