पुढच्या भागाची वाट पाहताना

‘सेव्हरन्स’ या विज्ञानकथा मालिकेचा दुसरा सीझन मार्च २०२५मध्ये संपला, तिसरा येणार हेही तेव्हाच ठरलं. पण पहिल्यानंतर दुसरा यायला पावणेतीन वर्षं लागली होती (८ एप्रिल २०२२ ते १७ जानेवारी २०२५), म्हणून धाकधूक आहे. मालिकेत ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये शिरलं की माणूस घर विसरतो, परतताना ऑफिस विसरतो. मी ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करते. पहिला सीझन ऐन मोक्यावर तुटला, त्यानंतर कित्येक दिवस आमच्या लिफ्टचं दार बंद होताना मुलाचा चेहरा आठवून बघायचे. ठाणे-नवी मुंबईकरांनो, विज्ञानकथा मालिकेसाठी तुम्ही कधी असं ताटकळलात? लिहा. शेवट मात्र फोडू नका.

नौपाडा:
१९९८. दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’, मिलिंद सोमण. मी सातवीत. भाग हुकला की हुकला, पुन्हा बघायची सोयच नव्हती. सुट्टीत गावी गेलो तर तिथे टीव्हीवर नुसत्या मुंग्या. शेजारच्या दादाने आंतरदेशीय पत्रावर अख्खा भाग लिहून पाठवला, कडेला यानाचं चित्र काढून. जागा संपली म्हणून शेवट चिकटवायच्या पट्टीवर लिहिला होता आणि पत्र फोडताना नेमकी तीच फाटली.

वाशी:
‘डार्क’मध्ये जगबुडीची तारीख होती २७ जून २०२०, आणि शेवटचा सीझन आला तोही बरोबर त्याच दिवशी. टाळेबंदी चालू होती. बाबांना दमा, त्यामुळे तीन महिने ते सोसायटीच्या गेटपर्यंतही गेले नव्हते. पहिले दोन सीझन आम्ही मिळून पुन्हा पाहिले. १९५३, १९८६, २०१९, दर ३३ वर्षांनी फिरणारं चक्र आणि त्यात गुंतलेली चार घराणी. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे वंशावळ काढायला घेतली. आमच्या कुळाची त्यांनी एका बैठकीत लिहिली होती, ही मात्र तीनदा खोडली. त्या दिवसांत उद्या काय होणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. दूध येईल का, शेजारची इमारत सील होईल का? आमच्याकडे एकच तारीख पक्की होती. त्या शनिवारी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बारा वाजताच कोचावर बसले. साडेबाराला भाग दिसले. वरणभात गार झाला, आईसुद्धा काही बोलली नाही.

खारघर:
मे २०१८, ‘द एक्स्पान्स’ तीन सीझननंतर बंद होणार अशी बातमी आली. चाहत्यांनी वर्गणी काढून अमेरिकेत ‘मालिका वाचवा’ अशा फलकाचं विमान उडवलं. त्याच महिन्यात ॲमेझॉनने ती उचलली. मला रात्रपाळीत कळलं. सांगायला जवळ कुणीच नव्हतं, म्हणून इथे सांगतोय.

वसंत विहार:
‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा शेवटचा भाग आपल्याकडे १ जानेवारी २०२६ला सकाळी साडेसहाला आला. लेक बारावीत. तिने आदल्या रात्रीची पार्टी सोडली आणि दहालाच झोपली. पहाटे तिनेच मला चहा करून उठवलं. पहिला सीझन २०१६चा. तेव्हा हे सगळं तिच्यापासून लपवून मी रात्री एकटीच बघायचे.

कळवा:
नौपाडावाले, व्योमचा तुमचा तो भाग कोणता? तेव्हाच्या माझ्या वहीत भागांच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. पत्रात शेवटचं वाक्य कुठपर्यंत आलंय तेवढं कळवा, पुढचं मी शोधून टाकतो.