कोलशेत रस्त्यालगत मोठे सुपरमार्केट प्रस्तावित: शेजारच्या घरांवरील परिणाम कसा तपासावा?

कोलशेतकर

नमस्कार. ठाण्यात कोलशेत रस्त्यालगत आमची १८ मजली सोसायटी आहे. आमच्या पूर्वेकडील कुंपणाला लागून एका बंद कारखान्याचा भूखंड असून तेथे तळमजला अधिक दोन मजले असे मोठे सुपरमार्केट येणार असल्याचे विकासकाच्या प्रतिनिधींनी कार्यकारिणीला सांगितले व प्राथमिक आराखडा दाखवला. ग्राहकांचे प्रवेशद्वार मुख्य रस्त्यावर आहे. मात्र माल उतरवण्याची जागा, जनरेटर आणि एसीची बाहेरची यंत्रे आमच्या कुंपणाकडे, म्हणजे नेमकी आमच्या शयनगृहांसमोर आहेत. काही सभासदांना, विशेषतः ज्येष्ठांना, किराणा हाकेच्या अंतरावर मिळणार याचे समाधान आहे, तर काहींचा सरसकट विरोध आहे. सर्वसाधारण सभेपुढे परिणामांचा लेखी आढावा मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोणती कागदपत्रे मिळवावीत, काय मोजावे आणि कोणत्या अटींचा आग्रह धरावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशावाचक

प्रथम प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधा, कारण तुमचे म्हणणे कोण ऐकणार आणि केव्हा, हे त्यावरच ठरते. महापालिकेच्या शहर विकास विभागात प्रत्येक प्रस्तावाला विकास प्रस्ताव क्रमांक असतो. तो मिळवा आणि विकास आराखड्यात त्या भूखंडाचा वापर काय दाखवला आहे ते तपासा. तेथे वाणिज्य वापर आधीच अनुज्ञेय असेल आणि नकाशे नियमावलीनुसार असतील, तर परवानगी देण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याचे बंधन नसते. याउलट वापर किंवा आरक्षण बदलण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल होत असेल, तर राजपत्रात सूचना निघते आणि हरकती व सूचनांसाठी एक महिन्याची मुदत मिळते. ती संधी हुकवू नये.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणी नसली, तरी अर्ज आणि मंजुरीपत्र परिवेश या केंद्रीय संकेतस्थळावर पाहता येते. या मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. मात्र अर्जात ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. मांडणी नकाशा, पार्किंगचा तक्ता, अग्निशमन विभागाचे ना हरकत पत्र आणि वाहतूक शाखेचा अभिप्राय, असा एकेका कागदाचा उल्लेख करावा.

ध्वनिमापक

माझे काम ध्वनिमापनाचे आहे, त्यामुळे तेवढ्याच भागावर लिहिते. आराखड्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यातच तुमच्या आढाव्याचा गाभा आहे. दुकानाच्या दर्शनी बाजूबद्दल सगळे बोलतात, पण शेजाऱ्यांची झोप मागची बाजू ठरवते. कपड्यांचे दुकान रात्री बंद झाले की शांत होते. सुपरमार्केटमध्ये मात्र दूध, भाजी आणि गोठवलेल्या मालासाठीचे कॉम्प्रेसर रात्रभर चालू राहतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वाणिज्य क्षेत्रात हेच आकडे ६५ आणि ५५ आहेत. तुमचा परिसर कोणत्या वर्गात मोडतो, हे प्रथम लेखी विचारून घ्या, कारण दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजाइतका वाटतो.

आता जनरेटरचे पाहू. १,००० केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए हे जनरेटरच्या विद्युतक्षमतेचे एकक) डिझेल जनरेटरला आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १० मीटरवर तो ५५ च्या आसपास राहील, आणि समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तन झाल्यास त्याहूनही अधिक. याचा अर्थ असा, की नियमात पूर्णपणे बसणारा जनरेटरसुद्धा तुमच्या खिडकीशी रात्रीची निवासी मर्यादा ओलांडू शकतो. म्हणून ‘आमची यंत्रणा प्रमाणित आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. तुमच्या खिडकीशी किती आवाज अपेक्षित आहे, याचे गणित मागा.

धुराची बाबही अशीच आहे. जनरेटरच्या धुराड्याची किमान उंची तो ज्या इमारतीसाठी बसवला आहे तिच्या उंचीवरून ठरते: इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमूळाच्या ०.२ पट मीटर. दुकान १५ मीटर उंच आणि जनरेटर ४०० केव्हीएचा धरला, तर धुराडे १९ मीटरवर संपेल. दुकानासाठी ते योग्य आहे. तुमच्याकडे मात्र ती सहाव्या-सातव्या मजल्याच्या खिडक्यांची पातळी येते.

बांधकाम सुरू होण्यापूर्वी रात्रीच्या आवाजाची मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून खालच्या, मधल्या आणि वरच्या मजल्यांवर करून घ्या. मोबाइलवरील मोजणी तुलनेपुरती ठीक आहे, पण अधिकाऱ्यांपुढे ती टिकत नाही. आजची नोंद हाती नसेल, तर पुढे वाढलेला आवाज आधीपासूनचाच होता, असे म्हणायला समोरच्यांना जागा राहते.

कोलशेतकर

अतिशय उपयुक्त माहिती. धुराड्याची बाब आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. आणखी एक प्रश्न आहे. दुकान रात्री दहाला बंद होईल असे तोंडी सांगितले गेले आहे. त्यावर विसंबावे काय?

नकाशावाचक

विसंबू नये. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानंतर साधारण दुकानांना वर्षभर आणि चोवीस तास व्यवसाय करण्याची मुभा आहे. शिवाय ग्राहकांची वेळ आणि माल येण्याची वेळ या निराळ्या गोष्टी आहेत. शहरात अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध असले, की मोठे ट्रक स्वाभाविकपणे रात्री येतात. त्यामुळे माल उतरवण्याच्या वेळेबद्दल स्वतंत्र लेखी हमी मागा.

घोडबंदरवासी

आमच्या शेजारी असेच दुकान काही वर्षांपूर्वी आले. अनुभवावरून सांगतो, की पार्किंगमध्ये किती गाड्या मावतात यापेक्षा त्या आत किती वेगाने शिरतात हे महत्त्वाचे ठरते. पावती देण्याचा अडथळा थेट फाटकावर असेल, तर शनिवार-रविवारच्या संध्याकाळी रांग सेवा रस्त्यावर येते आणि सोसायटीतून गाडी बाहेर काढणे कठीण होते. रुग्णवाहिका आली तर काय होईल, याची धास्ती वेगळीच. हा अडथळा भूखंडाच्या बराच आत, शक्यतो तळघराच्या उतारानंतर असावा. घरपोच सेवेच्या दुचाकी आणि ग्राहकांची वाट पाहणाऱ्या रिक्षा यांनाही आतच जागा दाखवायला सांगा, कारण त्या नकाशात सहसा नसतात आणि प्रत्यक्षात तुमच्या फाटकासमोर उभ्या राहतात.

वाहनांची गणना तुम्ही स्वतः करू शकता. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडून, संध्याकाळी दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवा आणि कापूरबावडीकडे जाणारी व येणारी वाहने वेगळी लिहा. विकासकाच्या वाहतूक अहवालात मोजणीची तारीख आणि वार जरूर पाहा; मंगळवारी दुपारी मोजलेल्या वाहनांवरून रविवारच्या संध्याकाळचा निष्कर्ष काढता येत नाही.

येऊरपायथा

भराव तपासा. नव्या भूखंडाची पातळी तुमच्या आवाराहून उंच झाली, तर पावसाचे पाणी तुमच्याकडे उतरेल. आजची पातळी सर्व्हेअरकडून नोंदवून घ्या आणि पर्जन्यवाहिनी कोठे जोडणार, ते नकाशावर दाखवायला सांगा.

कोलशेतकर

मग सभेपुढे ‘विरोध’ असा ठराव ठेवावा, की अटींचा?

ध्वनिमापक

अटींचा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘त्रास होऊ नये’ अशा वाक्याची अंमलबजावणी कोणीही करू शकत नाही, म्हणून प्रत्येक अट मोजता येईल अशी लिहा: माल उतरवण्याची जागा बंदिस्त आणि मुख्य रस्त्याच्या बाजूला, रात्री १० ते सकाळी ६ ट्रकना प्रवेश नाही, यंत्रे गच्चीच्या दूरच्या टोकाला, ध्वनिरोधक भिंतीआड, धुराडे तुमच्या गच्चीपेक्षा उंच, किंवा जनरेटरच पलीकडच्या टोकाला.

नकाशावाचक

सहमत. या अटी विकासकाच्या पत्रापुरत्या राहू देऊ नका. नकाशे मंजूर होण्यापूर्वी ठरावाची प्रत, ध्वनिमापन आणि वाहनगणनेसह शहर विकास विभागाला व वाहतूक शाखेला द्या आणि पोच घ्या. जागेशी संबंधित अटी नकाशातच उतरवाव्यात, वेळेच्या अटी हमीपत्रावर घ्याव्यात, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी सर्व यंत्रे चालू ठेवून रात्री तुमच्या खिडक्यांशी पुन्हा ध्वनिमापन व्हावे, अशी विनंती त्याच पत्रात करा.